शून्य आणि पाच नसलेली वही

समुद्र आणि हवामान खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत एक तपासनीस बाई बसायची. तोंडावर सगळे तिला बाई म्हणायचे आणि पाठ फिरली की चाळणी. नाव ठेवणाऱ्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण नाव चपखल होतं. किनाऱ्यावरच्या एकोणसाठ केंद्रांतून रोज नोंदी यायच्या. धक्क्यावरून बादली सोडून काढलेल्या समुद्राच्या पाण्याचं तापमान, वारा, ढग, लाटा, शिवाय वाळूवर काय काय वाहून आलं त्याची मोजदाद, मेलेल्या कासवापासून जेलीफिशपर्यंत. सगळं आधी चाळणीच्या हाताखालून जायचं, मग पुढे. एका महाभागाने एकदा महिन्याभराच्या नोंदी एकाच बैठकीत लिहून पाठवल्या होत्या. चाळणीने त्याला फोन करून एवढंच विचारलं, "अठरा तारखेला तुमच्याकडे वादळ होतं हो, धक्का पाण्याखाली होता. बादली कुठून सोडलीत, गच्चीवरून?" तो गडी दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेला.

संशय घेणं वाईट, असं कुणी म्हणालं की ती म्हणायची, "मग भाजीत मीठ पडलंय का ते चाखून कशाला बघता? ठेवा की विश्वास भाजीवर!"

तर अशा या बाईच्या पुढ्यात त्या सोमवारी ज्या केंद्राच्या नोंदी होत्या, ते केंद्र सांभाळणारा निरीक्षक तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

नोंदी साहेबांनी स्वतः आणून ठेवल्या होत्या. साहेब खुशीत होते. "या केंद्रावर चौदा महिन्यांत जेलीफिश तिप्पट झालेत, बाई. तिप्पट! आणि सगळे लहान लहान. पाणी बदलतंय, दुसरं काय? वार्षिक अहवालाचं पहिलं प्रकरण मी यावरच करतोय. तुम्ही फक्त तपासून शिक्का मारा."

चाळणी कशावर नुसता शिक्का मारेल होय? तिने जेलीफिश बाजूला ठेवले आणि पाण्याच्या तापमानाचा रकाना ओढला. त्यातही नुसता शेवटचा आकडा.

हे शेवटच्या आकड्याचं प्रकरण जरा समजून घ्या. थर्मामीटरवर एका अंशाचे दहा भाग असतात. बावीस पॉइंट तीन, बावीस पॉइंट आठ, असं वाचायचं. खरोखर पाण्यात बुडवून वर्षभर वाचलं, तर तो शेवटचा आकडा शून्यापासून नवापर्यंत सगळे साधारण सारख्याच वेळा येतात, समुद्राला काही एखादा आकडा लाडका नसतो. आळशी माणूस वाचतो तेव्हा शून्य आणि पाच फार होतात. कोण डोळे ताणतंय, साडेबावीस म्हणा आणि मोकळे व्हा. आणि खोटारडा बरोबर उलट करतो. साडेबावीस लिहिलं तर कुणी म्हणेल अंदाजपंचे ठोकलंय, म्हणून तो बावीस पॉइंट सात लिहितो. गोल आकड्याची त्याला धास्तीच असते.

दादाच्या नोंदींत गेल्या चारशे तेवीस दिवसांत शून्य एकदाही नव्हतं. पाच एकदाही नव्हता. त्याआधीच्या तीस वर्षांत मात्र दहाही आकडे गुण्यागोविंदाने नांदत होते.

चाळणीने पुन्हा मोजलं. मग खिडकी उघडली, पाणी प्यायली, आणि तिसऱ्यांदा मोजलं. चार, सहा, एक आणि नऊ हे आकडे जरा जास्तच होते, पण त्याचा अर्थ तिला लागेना. शून्य-पाचाचा मात्र लागत होता. इतरांना तिने याहून थोडक्यावरून पकडलं होतं.

तिने दार लोटून ते साहेबांना दाखवलं. लपवलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे जेलीफिशपण खोटे?"

"ते बघूनच सांगते. मी स्वतः जाते."

"भाऊ ना तुमचे ते? सांभाळून घ्याल मग."

"सांभाळून घ्यायचं असतं तर तुम्हाला आकडे दाखवले असते का?"

साहेब म्हणाले, "नियम तुम्हाला ठाऊक आहे. नोंदी बनावट निघाल्या, तर त्या माणसाच्या सगळ्याच बाद. एकतीस वर्षं. शुक्रवारी सकाळी सही-शिक्क्याचा अहवाल टेबलावर पाहिजे."

एकतीस वर्षं, आणि एक दिवसाचाही खाडा नाही. दादाला ताप असो, घरात पाहुणे असोत, सकाळी सहाला तो बादली घेऊन धक्क्यावर. लहानपणी चाळणीला त्यानेच थर्मामीटर वाचायला शिकवलं होतं. तो माणूस खुर्चीत बसून आकडे पाडतो? बसमध्ये पाच तास ती स्वतःशीच भांडत बसली. मन म्हणे शक्य नाही, आणि हातातला कागद म्हणे शक्य कसं नाही, मोज की पुन्हा!

न कळवताच ती मंगळवारी दुपारी दादाच्या दारात उभी राहिली. दार वहिनीने उघडलं. उघडलं म्हणजे आधी साखळी लावूनच फट केली, आणि वहिनी आत तोंड करून ओरडली, "अहो! वन्सं आल्यात! वन्सं!"

अडीच खोल्यांचं घर. एवढं ओरडायचं कारण काय? ही हाक नव्हे, हा इशारा, असं चाळणीच्या मनाने तिथल्या तिथे टिपून ठेवलं.

दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता. तिच्याकडे बघून हसला. "ये गं चिमणे. किती बारीक झालीस!"

आता चिमणी कसली बारीक होतेय! गेल्या दोन वर्षांत तिने तीन वेळा ब्लाउज उसवून घेतले होते. दादा लोणी लावतोय, तिने मनात म्हटलं. आयुष्यात कधी कुणाला लोणी न लावलेला माणूस.

वहिनीने चहा आणला. चाळणीपुढे कप ठेवला, पण दादाच्या मात्र हातात दिला, कपाचा कान बोटांत अडकवून. लाडोबा करून ठेवलाय नुसता. दादा काही विचारी, उत्तर वहिनी देई. चाळणी दादाला काही विचारी, उत्तर तरीही वहिनीच देई. पाच मिनिटंसुद्धा ती बहीण-भावाला एकटं सोडायला तयार नव्हती.

"वही बघू दे गं वहिनी," चाळणी म्हणाली.

"वही ना? आहे की. आधी चहा तर घ्या."

"चहा झाला."

"मग थोडा अजून घ्या."

शेवटी वही आली. तीस वर्षं दादाचं किरट्या अक्षरातलं लिखाण, आणि चौदा महिन्यांपूर्वी एका सोमवारपासून वहिनीचं गोल, टपोरं अक्षर.

"त्यांचा खांदा धरलाय," वहिनी घाईने म्हणाली. "ते सांगतात, मी लिहिते. फोनवरून पाठवतेही मीच."

"कुठला खांदा?"

"उजवा," वहिनी म्हणाली.

"डावा," त्याच क्षणी दादा म्हणाला.

वहिनीने पदराने टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं.

दादाने कप चाचपडत खाली ठेवला. "चिमणे, तू भाऊ बघायला आलीस की वही?"

"दोन्ही."

"बघ मग. एक आकडा जरी मनचा निघाला ना, तर मला धक्क्यावरून ढकलून दे. एकतीस वर्षांत एक आकडा मनचा लिहिला नाही मी. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचार, जेवताना माझं हेच चालू असतं, कंटाळलेत सगळे."

हे तो इतक्या शांतपणे म्हणाला, की चाळणीला रडूच आलं असतं. पण ती पडली चाळणी. वर्षानुवर्षं तिने फोनवर शांत आवाज ऐकले होते. शपथा घेणाऱ्यांचं पुढे काय होतं हे तिला पाठ होतं. तिला दादाची कीव आली आणि रागही आला, आणि त्या रागाची तिला लाज वाटली.

संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून ती धक्क्यावर गेली. राखणदार दोरखंड गुंडाळत होता.

"वारा बरा सुटलाय," ती म्हणाली.

"दादा रोज येतात," राखणदार म्हणाला. "सहाला, नियमाने. बादली स्वतः सोडतात. स्वतः!"

घ्या! हिने वाऱ्याचं काढलं आणि याने दादाची साक्ष दिली. "वहिनी पण येतात का हो बरोबर?"

राखणदार समुद्राकडे बघायला लागला. "मी आपला खाली मान घालून काम करतो, बाई. मला काही दिसत नाही."

म्हणजे सगळा किनारा सामील! घरी येऊन ती जेवायला बसली, पण भात नुसता चिवडत राहिली. वहिनीने दोनदा विचारलं, "वन्सं, मीठ कमी आहे का?" तिने मान हलवली. त्या माउलीने वाढलेलं ती खात होती आणि त्याच माउलीवर डोळा ठेवत होती. असं जेवण कुणाला लागलंय अंगाला?

बुधवारी पहाटे ती झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली. पावणेसहाला दार हळूच वाजलं. चपला हातात घेऊन ती मागोमाग निघाली.

उजाडायला लागलं होतं. पुढे दोघं चालत होती. बादली दादाच्याच हातात होती, पण दुसरा हात वहिनीच्या खांद्यावर होता. वहिनी मध्येच हळू म्हणायची, "पायरी," आणि दादा पाय उचलायचा. "दोर आडवा आहे." दादा पाय अजून वर उचलायचा. धक्क्याच्या टोकाला दादाने कठडा हाताने चाचपला, दोराची गाठ बोटांनी तपासली, आणि बादली खाली सोडली. पाण्याचा आवाज आला. त्याने ती ओढून घेतली, थर्मामीटर आत बुडवला, आणि मोठ्याने सेकंद मोजू लागला, कारण पारा स्थिर व्हायला तीन मिनिटं द्यावी लागतात.

चाळणीच्या हातातल्या चपला खाली पडल्या.

"पुढे ये चिमणे," मोजता मोजता थांबून दादा म्हणाला. "चोरासारखी काय उभी? आता मोजायचं काम घड्याळावर गं," असं त्याने वहिनीला सांगितलं.

"मला कसं ओळखलंस?"

"या धक्क्यावर सकाळी आम्ही दोघं आणि राखणदार. तिघांची पावलं मला पाठ आहेत. चौथं आलं म्हणजे खातंच आलं."

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने तोंड तिच्याकडे केलं, पण नजर तिच्या कानाजवळून पलीकडे गेली.

"मधोमध काळं दिसतं," तो म्हणाला. "कडेकडेने माणसाचा आकार कळतो तेवढाच. डॉक्टर म्हणाला, आता यापुढे असंच. खात्याला कळवलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी केंद्राला कुलूप लावलं असतं. माणूस मिळत नाही म्हणून तीन केंद्रं बंद केलीत की नाही? पाच महिन्यांनी मी निवृत्त होतोय. म्हटलं, तेवढ्यात कुणी तयार होईल, मग सांगू. चूक केली, कबूल. पण पाणी खरं आहे चिमणे. बादली माझी, हात माझे. डोळे तेवढे हिचे."

चाळणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दादा लबाड नव्हता!

"तीन मिनिटं झाली," वहिनी म्हणाली.

"वाच."

वहिनी बादलीवर वाकली. सवयीने चाळणीही वाकली, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून. पारा बावीस पॉइंट पाचवर होता. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

वहिनीने चाळणीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ दोनदा हलले. मग ती म्हणाली, "बावीस पॉइंट... सहा."

"बरोबर आहे ना, चिमणे?" दादाने विचारलं.

चाळणीच्या तोंडून निघालं, "हं." हो नाही, नाही नाही, नुसतं हं. दादा समाधानाने मान हलवत दोर गुंडाळू लागला.

घरी दादा अंघोळीला गेला तशी चाळणीने वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. "हे काय चाललंय?"

वहिनीने डब्यांच्या कपाटाचं दार उघडलं. दाराला आतून एक कागद चिकटवला होता. खात्याचं परिपत्रक. 'ज्या नोंदींचा शेवटचा आकडा शून्य किंवा पाच असेल, अशा नोंदींकडे संशयाने पाहिले जाईल व संबंधित निरीक्षकाची जागेवर येऊन तपासणी केली जाईल.' खाली सही चाळणीची.

तिला आठवलं. दोन वर्षांपूर्वी, आळशी निरीक्षकांवर वैतागून, एका दुपारी तिने ते तावातावाने लिहिलं होतं. 'प्रमाणाबाहेर असेल तर' हे शब्द घालायचे राहिले होते. सगळ्या जुन्या निरीक्षकांना कळलं होतं की बाईंना काय म्हणायचंय. पण वहिनी काही निरीक्षक नव्हती. तिने लिहिलंय तेच वाचलं.

"तपासणीला कुणी आलं असतं तर यांचे डोळे कळले असते," वहिनी म्हणाली. "म्हणून शून्य आलं, पाच आलं, की एक सरकवायची."

"वर की खाली?"

"एकदा वर, एकदा खाली. समुद्राचं नुकसान नको ना."

चाळणीला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. चार, सहा, एक आणि नऊ! वहिनीने वही उलटी केली आणि शेवटची पानं उघडली. तिथे बारीक अक्षरात तारखा होत्या आणि त्यांच्यापुढे खरे आकडे. एकेक शून्य, एकेक पाच. आजचा धरून चौऱ्याऐंशी.

"खोटं लिहिलं, वन्सं, पण खरं टाकून नाही दिलं. कधीतरी कुणाला लागेल म्हटलं."

"आणि ते जेलीफिश?"

"ते सगळे खरे. पूर्वी हे स्वतः मोजायचे ते मोठे तेवढेच. बटणाएवढे असतात ते यांना बहुतेक आधीपासूनच दिसत नसावेत. मला दिसतात, मी मोजते. का, मोजायचे नव्हते का?"

साहेबांचं पहिलं प्रकरण असं बटणाएवढं होऊन गेलं.

वहिनीने तिचे दोन्ही हात धरले. "यांना नका सांगू, वन्सं. यांना माहीत नाही. एकही आकडा मनचा नाही, हे यांचं एवढंच तर राहिलंय हो. डोळे गेले, वाचन गेलं, एकट्याने बाहेर जाणं गेलं. आता हेही मीच घालवलं असं कळलं तर ते माझ्याशी बोलायचे नाहीत."

चाळणीने जेवणाच्या टेबलावर अहवाल लिहायला घेतला. लिहायला ती घाबरली नाही, हेही तिच्या बाजूने सांगायला हवं. डोळ्यांचं लिहिलं. वहिनीचं लिहिलं. चौऱ्याऐंशी नोंदी मूळ आकड्यांनी दुरुस्त करता येतात, बाकीच्या जशाच्या तशा खऱ्या आहेत, सबब एकतीस वर्षांची एकही नोंद बाद करू नये, हे लिहिलं. जेलीफिश वाढलेले नाहीत, मोजणारी नजर बदलली आहे, हे लिहिलं. आणि हा सगळा घोळ आपल्याच परिपत्रकाने झाला, हेही लिहिलं. एवढं सगळं खरं लिहिलं तरच दादाची एकतीस वर्षं वाचणार होती. एक ओळ जरी लपवली असती, तरी शून्य-पाच कुठे गेले, याचं उत्तर साहेबांना मिळालं नसतं.

पण एक मेख होती. जागेवरचा अहवाल निरीक्षकाला वाचून दाखवायचा आणि त्यावर त्याची सही घ्यायची. सहीशिवाय तो कागद रद्दीच्या भावाचा.

दुपारच्या बसला तासभर होता. दादा खुर्चीत सरळ बसला. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिचे डोळे चाळणीला नुसती विनवणी करत होते.

चाळणीने वाचायला सुरुवात केली. पहिला परिच्छेद, दुसरा. तिसऱ्याशी आली आणि तिचा आवाज जरासाही न अडखळता पुढे गेला. कागदावर नव्हतंच असं वाक्य तिने वाचलं. "शेवटच्या आकड्यांतला फरक जुना थर्मामीटर बदलल्याने पडलेला असून त्यात कुणाचाही दोष नाही." लबाडी अशी सहज जमते बघा, तिला सराव लागत नाही. दादाचं मन राखायला तिने हे केलं म्हणाल, तर केलंच. पण परिपत्रकाची ओळही तिने त्याच दमात गाळली. ती गाळून कुणाचं मन राखलं, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

"झालं?" दादाने विचारलं.

"झालं. सही कर."

"कागद हिला दे."

"कशाला?"

"दुसरं वाचन. नियम आहे ना खात्याचा? महत्त्वाची नोंद एकाच्या नजरेवर सोडायची नाही, दोघांनी वाचायची. एरवी माणूस नसतो म्हणून आम्ही सोडून देतो. आज दोघी आहात."

चाळणीने कागद वहिनीच्या हातात दिला. तिने डोळ्यांनी खुणावलं, मी म्हटलं तेच म्हण. कठीण काहीच नव्हतं. वहिनीने ऐकलं होतं, तिच्या लक्षातही असणार.

वहिनी पहिला परिच्छेद वाचून गेली. दुसरा वाचला. तिसऱ्यावर येऊन ती थांबली. आपल्याबद्दल लिहिलेलं तिने मनात वाचलं असावं. तिने दादाकडे बघितलं. तो मान किंचित वाकडी करून ऐकत होता, रोज पहाटे धक्क्यावर ऐकायचा तसा, तिच्या तोंडून निघेल तोच आकडा असं धरून.

मग वहिनीने वाचलं. हळू, एकेक शब्द. "निरीक्षकाच्या पत्नीने निरीक्षकाच्या नकळत चौऱ्याऐंशी नोंदींमधला शेवटचा आकडा एकाने बदलला." परिपत्रकाची ओळ वाचली. कुणामुळे हे झालं तेही वाचलं. शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचलं आणि ती रडायला लागली.

दादाचे हात गुडघ्यांवर होते आणि बोटं गुडघे दाबत होती.

"चौऱ्याऐंशी?" तो म्हणाला.

"हो."

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालोच असतो." त्याचा आवाज फुटला. "सगळ्यांना सांगत सुटलो गं मी. राखणदाराला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. एक आकडा मनचा नाही म्हणून! वेड्यासारखा!"

"खरे आकडे मागच्या पानावर आहेत," वहिनी हुंदक्यातून म्हणाली. "एकही हरवला नाही."

त्याने डोळे पुसले. बाहेर कुणीतरी होडी ओढत होतं, त्याचा खरखर आवाज येत राहिला. मग त्याने तोंड बहिणीकडे वळवलं.

"चिमणे, दोन वाचनं जुळत नाहीत. कुठलं खरं धरू?"

एकोणसाठ केंद्रांतल्या माणसांना हाच प्रश्न तिने याच सुरात विचारला होता, आणि उत्तराला उशीर झाला की काय समजायचं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"वहिनीचं," ती म्हणाली.

दादाने मान हलवली. तू मग काय वाचलंस, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"पेन," तो म्हणाला.

चाळणी लगबगीने उठली. पेन त्याच्या हातात दिलं, कागद पुढे सरकवला, आणि सहीची जागा दाखवायला त्याचं बोट धरायला गेली. त्याने हात मागे घेतला.

"तू राहू दे," तो म्हणाला. रागाने नाही, साधंच म्हणाला. मग त्याने हात दाराच्या दिशेने पुढे केला. "अगं, इकडे ये. सही कुठे करायची ते तू दाखव."